कोय मोठी, गर कमी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आहे आणि सिएटचा टायरचाही. गाडी गावातली, टायरही गावातला. तरी गाडीला चाक केवढं असावं, यावर गावात एकमत नाही. कॉलेज रोडवरचा चहावाला सांगेल अठरा इंच, पेठ रोडवरचा पंक्चरवाला सांगेल सोळा. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर विचारलंत तर तिथे वीस आणि साडेबावीस याखेरीज दुसरा आकडा कुणाच्या तोंडी येत नाही.

यातलं लहान गणित आधी करू. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार बाजारात आली. ही गाडी नाशिकच्याच कारखान्यात बनते, आणि ती आली तेव्हाच कंपनीने तिला दोन मापांची चाकं दिली होती. खालच्या मॉडेलला पोलादी सोळा इंची रिम आणि २४५/७५ आर १६ चा टायर. वरच्या मॉडेलला अलॉयची अठरा इंची रिम आणि २५५/६५ आर १८. वरचं मॉडेल म्हणजे जास्त पैसे, जास्त पैसे म्हणजे चांगली वस्तू, म्हणून अठरा चांगली, असा सरळ हिशेब बहुतेकांनी केला. मीही केला होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

टायरच्या कडेवर छापलेला तो आकडा एकदा नीट वाचायला हवा. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती टक्क्यांत: रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापं. आपल्याला याचं नवल वाटू नये; सातबाऱ्यावर हेक्टर, बोलण्यात एकर आणि भावांत वाटणी करताना गुंठे, हे आपण जन्मभर करत आलोच आहोत.

आता बेरीज. २४५ चे ७५ टक्के म्हणजे जवळपास १८४ मिमी. एवढी रबराची भिंत रिमच्या वर आणि एवढीच खाली. सोळा इंच म्हणजे ४०६ मिमी. सगळं मिळून चाकाची उंची भरते ७७४ मिमी. अठराच्या चाकाचं तसंच केलं, तर भिंत १६६ मिमी, रिम ४५७, एकूण ७८९ मिमी. म्हणजे रिम दोन इंचांनी, ५१ मिलिमीटरने वाढली, पण चाक वाढलं जेमतेम दीड सेंटिमीटर. बाकीची वाढ आली कुठून? रबराच्या भिंतीतून.

हे आंब्यासारखं आहे. आंबा तेवढाच राहतो. कोय मोठी निघाली की गर कमी. चाकाचा बाहेरचा घेर गाडीच्या मडगार्डने, गिअरने आणि स्पीडोमीटरने जवळपास ठरवून टाकलेला असतो. तिथे फारसा हात घालता येत नाही. त्यामुळे रिम निवडताना आपण चाक निवडतच नसतो. लोखंड आणि दगड यांच्यामध्ये हवा किती ठेवायची, एवढंच निवडत असतो.

हवेवर इतका भर का, ते पाहू. टायरची जमिनीशी गाठ जेवढ्या जागेत पडते, ती जागा साधारण एका सोप्या भागाकाराने निघते: चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब. पावणेदोन टनांची गाडी धरली तर एका चाकावर साधारण ४३७ किलो आले. पंपावर आपण 'बत्तीसची हवा' भरतो, म्हणजे ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार करा: १९५ चौरस सेंटिमीटर. पोस्टाचं एक कार्ड १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. दीड कार्डाएवढ्या जागेवर एक चाक उभं असतं, आणि गाडीतली सगळी माणसं अशा सहा कार्डांवर भरवसा ठेवून कसारा घाट उतरतात.

हीच गाडी निफाडच्या काळ्या मातीत, पहिल्या पावसानंतर, द्राक्षबागेच्या बांधावर नेली की दीड कार्ड पुरत नाही. चाक रुततं. मग जाणकार ड्रायव्हर उतरतो, व्हॉल्व्हमध्ये काडी घालतो आणि हवा अठरापर्यंत सोडतो. दाब कमी झाला, वजन तेवढंच. भागाकाराने जागा झाली ३४५ चौरस सेंटिमीटर. जवळपास पावणेतीन कार्डं. ही जागा रुंदीत फार वाढत नाही, लांबीत वाढते. टायर मागेपुढे पसरून रणगाड्याच्या पट्ट्यासारखा पडतो. पण पसरायचं तर भिंत वाकायला हवी, आणि वाकायला आधी भिंत हवी. उंच भिंतीच्या सोळा इंची चाकात अठराची हवा चालते. कोय मोठी असलेल्या चाकात तेवढी हवा सोडली, तर पहिल्याच दगडावर रबर रिम आणि दगड यांच्या चिमट्यात सापडतं.

आणि आपल्याकडचा दगडही काही साधा नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट फुटतो तेव्हा त्याला कोयत्याच्या पात्यासारखी धार येते. नदीतला गोटा चाकाखालून सरकतो. त्र्यंबक, हरसूल, सुरगाण्याकडच्या कच्च्या वाटेवरची ताजी फुटलेली खडी टायरची भिंत चिरते. टायरचा सगळ्यात जाड भाग असतो जमिनीवर टेकणारा, सगळ्यात पातळ भाग ही भिंत. तिला उंची असली की ती दगडाभोवती वळते. नसली की फाटते.

मग मोठी रिम लावतातच कशाला? निव्वळ दिखाव्यासाठी, असं म्हणणारे ऑफरोडवाले भेटतात, पण ते पूर्ण खरं नाही. उंच भिंत वळणावर लवते. ताशी शंभरच्या वेगात स्टिअरिंग फिरवलं की आधी भिंत वाकते, मग गाडी वळते. ठेंगण्या भिंतीत हा उशीर होत नाही. दुसरं म्हणजे ब्रेक. डिस्क ब्रेक रिमच्या आत बसतो. गाडी जड आणि वेगवान झाली की डिस्क मोठी लागते आणि ती बसवायला रिम मोठी लागते. तिसरं कारण उष्णतेचं. टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात एकदा दबते आणि सुटते, आणि या दबण्या-सुटण्यातून टायर तापतो. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते आणि जास्त तापते. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा खुला झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला. त्यावर सिन्नरजवळ चढून, मे महिन्याच्या दुपारी, कमी हवेच्या टायरवर तासाला १२० ने पळणं म्हणजे उंच भिंतीचा फायदा उलटा फिरवून घेणं आहे. शेतात सोडलेली हवा डांबरावर चढण्याआधी परत भरायची असते. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पंप तीन किलोमीटर आडवाटेला असला की सगळे विसरतात.

माझी गोष्ट इथेच सांगून टाकतो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता, हौसेचा होता. तिला मुळात सोळाच्या पोलादी रिम होत्या. त्या देऊन मी वीस इंची अलॉय घेतल्या, टायर २६५/५० आर २०. चाकाचा एकूण व्यास ७७३ मिमी, म्हणजे मूळ चाकाएवढाच. दुकानातल्या मुलाने हे मला कॅल्क्युलेटरवर दाखवलं आणि माझं समाधान झालं. त्याने दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही, ते एवढंच की भिंत १८४ वरून १३२ वर आली होती. दोन महिने सोसायटीच्या गेटमध्ये गाडी झकास दिसली. मग पावसाळ्यात हरसूलकडे जाताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं. आवाज टायरचा नव्हता, धातूचा होता. घरी येऊन पाहिलं तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा दिसतो बाहेरून, पण त्याचा अर्थ आतला असतो: भिंतीतले धागे तुटलेत आणि आता हवा नुसत्या रबरावर तोललेली आहे. तो टायर दुरुस्त होत नाही. रिमला केसाएवढी चीर होती, तीही तशीच. पोलादी रिम वाकते आणि हातोड्याने बरीचशी सरळ होते. अलॉय वाकायच्या आधी तडकते.

आता ट्रक. इथे आंब्याची उपमा थोडी बाजूला ठेवावी लागते, कारण ट्रकच्या रिमचा आकडा बदलला की नुसतं माप बदलत नाही, रिमची जातच बदलते.

आपल्या रस्त्यांवर ट्रकचा ठरलेला टायर म्हणजे १०.०० - २०. दहा इंच रुंद, वीस इंची रिम. आत ट्यूब, आणि ट्यूब रिमला घासू नये म्हणून मध्ये रबराचा पट्टा, त्याला म्हणतात फ्लॅप. ही रिम एकसंध नसते. जाड टायर रिमवर ओढून चढवता येत नाही, म्हणून रिमची एक कड सुटी असते: एक मोठी रिंग, आणि ती जागेवर धरून ठेवणारी लॉक रिंग. आडगावला एका टायरच्या दुकानात मी हे तासभर बसून पाहिलं. दुकानातले मामा साठीचे, हाताची बोटं काळी आणि जाड. चाक जमिनीवर आडवं पडलेलं. आधी टायर, त्यात ट्यूब आणि फ्लॅप, मग रिंग. लॉकचं एक टोक खाचेत बसवून मामा त्यावर उभे राहिले आणि टामीने दुसरं टोक खेचत गोल फिरले, पापडाची कड दाबत जावी तसे. मग घणाचे चार ठोके. कान लावून आवाज ऐकला. पुन्हा एक ठोका. "बसलं?" मी विचारलं. "बसलं का नाही ते हवा भरल्यावर कळतं, साहेब. आणि नाही बसलं तर आपल्याला कळायच्या आत कळतं." चाक लोखंडी पिंजऱ्यात ढकलून त्यांनी लांब नळीने हवा सुरू केली. लॉक नीट बसलं नसेल तर शंभर-सव्वाशे पीएसआयच्या दाबाने ती रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. पिंजरा त्यासाठी. पिंजरा नसलेलं दुकान दिसलं तर हवा भरताना तिथे उभं राहू नये, चाकाच्या समोर तर नाहीच.

दुसरी जात साडेबावीसची, २९५/८० आर २२.५. ट्यूब नाही, फ्लॅप नाही, लॉक नाही. एकच तुकडा, मध्ये खोलगट, आणि टायर टेकतो ती कड १५ अंशांनी उतरती. हवा भरली की टायर त्या उतारावर स्वतःला घट्ट आवळून घेतो. या जातीच्या रिमच्या मापात शेवटी अर्धा असतो: १७.५, १९.५, २२.५. आकड्यातला अर्धा दिसला की समजावं, ही ट्यूबलेसची रिम. पूर्ण आकड्याचा जुना टायर तिच्यावर चुकूनही बसवायचा नाही. गंमत म्हणजे इतकी मोठी दिसणारी साडेबावीसची रिम लावूनही चाक वाढत नाही. २९५ चे ८० टक्के २३६ मिमी, दोन्हीकडचे ४७२, अधिक रिमचे ५७१, म्हणजे १,०४३ मिमी. जुनं १०.०० - २० सुद्धा सव्वादहाशे-साडेदहाशे मिलिमीटरच्या आसपासच. मडगार्ड तेच, गिअर तेच.

जेएनपीटी बंदरात द्राक्षांचा कंटेनर नेणाऱ्याने साडेबावीस घ्यावी, यात मला शंका नाही. खिळा गेला तर ट्यूबलेस हळूहळू बसतो. ट्यूब मात्र एका झटक्यात फाटते आणि पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हातातून जातं. ट्यूब आणि टायर एकमेकांना घासत नाहीत, म्हणून चाक कमी तापतं. कसाऱ्याच्या उतारावर ब्रेक ड्रमची आच रिममधून आत जाते. तिथे भाजायला ट्यूबच नसते. शिवाय तीन-चार तुकड्यांचं लोखंड जाऊन एक तुकडा राहतो, म्हणजे चाकं हलकी होतात, आणि तेवढा माल जास्त.

मग सारूळकडच्या खाणीतून खडी भरून येणारे कित्येक डंपर अजून वीसच्या रिमवर का? मागासलेपण म्हणून नाही. खाणीत रिमची कड दगडावर आपटते. साडेबावीसच्या रिमची कड जराशी वाकली तरी तिथून हवा सुटते, कारण हवेला अडवणारी तीच एक रेघ आहे. वीसच्या रिमला पोचे आले तरी हवा ट्यूबमध्ये असते, रिमला तिच्याशी देणंघेणं नाही. आणि चाक उघडायची वेळ आलीच तर टामी, घण आणि दोन माणसं पुरतात. ट्यूबलेसचा टायर एकदा कडेवरून निसटला की त्याला परत बसवायला हवेचा मोठा झोत लागतो, आणि खाणीच्या तळाशी रात्री नऊला तो कुठून आणायचा?

फक्त दोन्ही जाती एकाच जोडीत घालू नयेत. मागच्या जोडचाकांत एक टायर दुसऱ्यापेक्षा थोडा जरी मोठा असला तरी मोठा सगळं वजन घेतो आणि लहान रस्त्याला घासत राहतो. स्टेपनी म्हणून हाताला लागेल ते चाक चढवलेल्या गाड्यांचे टायर जोडीने गोटा होतात, ते यामुळे.

ट्रकवाल्याने रिमच्या आकड्याआधी आणखी एक आकडा वाचावा, असं मला वाटतं. टायरवर १४६/१४३ असं काही छापलेलं असतं. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १४३ म्हणजे २,७२५ किलो. चार टायरांच्या मागच्या एका धुरीवर पूर्वी कायद्याने १०.२ टन चालत. म्हणजे टायरला २,५५०. काम भागत होतं. २०१८ च्या जुलैमध्ये ती मर्यादा ११.५ टन झाली, म्हणजे टायरला २,८७५. कागदावर गाडीची ताकद वाढली, टायरवर छापलेला आकडा मात्र तोच राहिला. पूर्ण भरायची गाडी असेल तर १४३ आता पुरत नाही, मग रिम वीसची असो की साडेबावीसची.

लहान रिमचाही एक हिशेब आहे, तो लासलगावला दिसतो. २००५ साली टाटाने एस आणली, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो. तिला चाकं बारा इंची, टायरसकट उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, म्हणजे ट्रकच्या चाकाच्या निम्मी. खड्ड्यात हे चाक पुरतंच उतरतं आणि कच्च्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करतं. पण चाळीवर कांदा भरताना पाटी डोक्यावरून फाळक्यापलीकडे ओतावी लागते, दिवसाला शेकडो वेळा. चाक लहान तर हौदा खाली, हौदा खाली तर बाईचा खांदा वाचतो. बारा इंची रिमचं माप रस्त्याने ठरवलेलं नाही, पाटी उचलणाऱ्या माणसाच्या उंचीने ठरवलंय. पंधरा इंचाच्या पिकअप त्या मानाने मधल्या: रस्त्यालाही बऱ्या, पाटीलाही फार उंच नाहीत. पिंपळगावच्या बाजारात त्यांची रांग लागते, ती उगीच नाही.

आणि सगळ्यात मोठं चाक होतं बैलगाडीचं. तुंबा, आरे आणि वर लोखंडाची तापवून चढवलेली धाव. सगळी कोयच, गर नावालाही नाही. पण व्यास इतका मोठा की दगड त्याच्यापुढे लहान ठरायचा आणि चाक त्यावरून चढून जायचं. हवेचं काम उंचीने केलेलं. पुढे ऊसवाल्यांनी त्याच गाडीला जुने टायर लावले आणि तिला डनलॉप म्हणू लागले. चाक निम्मं झालं, ओझं वाढलं.

उंचीचा हा जुना मोह थारवाल्यांनाही होतो, आणि ते साडेतीस इंचांच्या जागी तेहतीस इंची टायर चढवतात. दगडावर फायदा होतोच. पण चाक आठ टक्क्यांनी वाढलं की प्रत्येक गिअर तेवढा जड होतो आणि काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या वर असते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माप आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. अपघातानंतर विमावाला आधी तिथेच वाकून पाहतो.

फुगा आलेला टायर घेऊन मी आडगावच्या मामांकडे गेलो तेव्हा त्यांनी चाकाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आधीच्या कुठायत?" मी सांगितलं, दिल्या. कुणाला, तेही सांगितलं. मामा काही न बोलता दुकानामागे गेले आणि चार सोळाच्या पोलादी रिम गडगडवत घेऊन आले. टायर घेणाऱ्यांनी सोडलेला माल फिरत फिरत त्यांच्याकडे येतो म्हणे. चौथ्या रिमच्या कडेला एक पांढरट ओरखडा होता. पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा चुना. तो मीच लावून घेतलेला. मी दिल्या होत्या त्याच्या दीडपट किंमत मामांनी सांगितली. घासाघीस करायचं तोंड मला नव्हतं.